गाणं उजव्या हातात असतं

"नमस्कार. मी सांगलीची, वय ४१, सहकारी बँकेत नोकरी. कॉलेजात असताना गिटार शिकले होते, कॉर्ड धरून हिंदी गाणी म्हणण्यापुरती. दीड वर्षापूर्वी मँडोलिन घेतलं, कारण आयरिश धुनांनी वेड लावलं होतं. तेव्हापासून व्हिडिओ बघून आयर्लंड, अमेरिका, तुर्कस्तान, ब्राझील अशा बऱ्याच ठिकाणच्या धुना बसवल्या. स्वर बरोबर येतात, पण रेकॉर्ड करून ऐकलं की सगळ्या धुना सारख्याच वाटतात. माझे गिटारचे जुने सर म्हणतात, आधी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी शिक. मिस्टर म्हणतात, वाद्य बदलून बघ. मलाही वाटतंय की तुर्की साझ किंवा ऊद मागवावं. बोटं फार दुखतात, हे वयामुळे का? आणि एक टोचणी आहे. माझ्या आजोळी यल्लम्माच्या जोगतिणी चौंडकं वाजवत दारात यायच्या. त्यातलं मला काहीच येत नाही आणि मी परक्यांची गाणी वाजवत बसलेय. हे बरोबर आहे का? नक्की कुठून सुरुवात करू?"
– एक वाचक, सांगली

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न पाच-सहा आहेत, पण माझी नजर एकाच वाक्यावर अडकली: स्वर बरोबर येतात, तरी सगळ्या धुना सारख्याच वाटतात. स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये हे ऐकू यायला कान तयार असावा लागतो. पुष्कळ जण स्वर जुळले की झालं असं समजून पुढच्या धुनेकडे वळतात. तुमचा कान तुमच्या हाताच्या पुढे गेलाय, आणि शिकणाऱ्यासाठी ही फार चांगली जागा आहे. तेव्हा आधी हेच सोडवू. बाकीचे बरेचसे प्रश्न त्याच्याबरोबर सुटतील.

छेडून वाजवायच्या तंतुवाद्यात डावा हात स्वर निवडतो. तो स्वर किती टिकवायचा, कुठे तोडायचा, जोर कशावर द्यायचा, कोणता स्वर नुसता स्पर्श करून सोडून द्यायचा, हे उजवा हात ठरवतो. (डावखुऱ्या असाल तर उलट समजा.) एखाद्या मुलखाचं लोकसंगीत दुरून ओळखू येतं ते मुख्यतः या उजव्या हातावरून. तुम्ही आयर्लंडची धुन घ्या नाहीतर ब्राझीलची, कागदावर उतरवली तर बरेचसे स्वर तेच असतात. तुम्ही या सगळ्या धुना एकाच हाताने वाजवताय, आणि तो हात कॉलेजातल्या गिटारचा आहे: खाली-वर, खाली-वर, सगळे झटके एकाच वजनाचे. म्हणून चार देश एकाच सुरात बोलतात.

तुमच्या हातातलं मँडोलिनच बघा. आठ तारा, चार जोड्या, जाड बाजूकडून जी-डी-ए-ई, म्हणजे व्हायोलिनसारखंच जुळवणं. आज आपण ओळखतो ते रूप त्याला १८व्या शतकात इटलीतल्या नेपल्समध्ये आलं. तारेवर आघात केला की स्वर क्षणात विरतो, म्हणून इटालियन वादक पिक (तार छेडायचा छोटा तुकडा) इतक्या भरभर खाली-वर चालवतात की स्वर सलग वाहतोय असं वाटावं. त्याला ट्रेमोलो म्हणतात. हेच वाद्य युरोपातून गेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत पोचलं, तिथे त्याची पाठ सपाटीकडे झुकली आणि १९२२ मध्ये गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली एफ-५ हा नमुना तयार झाला. बिल मनरो यांनी तो हातात घेऊन ब्लूग्रास हा अमेरिकी संगीतप्रकार उभा केला. जुन्या पद्धतीच्या ब्लूग्रास मंडळीत ड्रम नसतो. त्यामुळे इतर गात-वाजवत असतात तेव्हा मँडोलिनवाला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर सगळ्या तारांवर एक झटका मारतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं ढिली करून आवाज मारून टाकतो. नुसता 'चक्' ऐकू येतो. तालवाद्याचं काम तिथे मँडोलिनने उचललंय. तिकडे ब्राझीलमध्ये त्याला बांदोलिम म्हणतात. शोरो नावाच्या संगीतात जाकोब दो बांदोलिम (१९१८–१९६९) यांनी ते असं वाजवलं की स्वर ठोक्याच्या जरा अलीकडे-पलीकडे पडत राहतात आणि खाली पांदेइरो, म्हणजे त्यांची खंजिरी, चालत असते. पडदे तेच, तारा त्याच, फक्त उजवा हात निराळा. या तिन्ही पद्धतींचं एकेक रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका आणि ऐकताना स्वरांकडे मुद्दाम दुर्लक्ष करा.

आता सल्ला. बाकीचे सगळे देश वर्षभर बाजूला ठेवा आणि फक्त आयर्लंड धरा. वेड तिथूनच लागलं म्हणता ना, मग तेच खरं. आणि आयर्लंडमध्येही आधी फक्त जिग. रील, हॉर्नपाइप हे नाचाच्या धुनांचे बाकीचे प्रकार नंतर.

जिगच का, ते सांगतो, कारण तुमचं दुखणं तिथे उघडं पडेल. जिगला सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन विभागांत. दादरा तुमच्या कानात आहेच: धा धी ना, धा ती ना. आता गिटारच्या सवयीने खाली-वर-खाली-वर करत सहा मात्रा मोजून बघा. पहिला 'धा' खालच्या झटक्यावर पडेल आणि दुसरा 'धा' वरच्या झटक्यावर. वर जाताना हाताला वजन नसतं, त्यामुळे दुसरा विभाग दरवेळी लुळा पडतो आणि नाचणाऱ्याचं पाऊल अडखळतं. म्हणून आयरिश जिग वाजवणारे बहुतेक जण पिक असं चालवतात: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पिक दोनदा लागोपाठ खाली येतं. हात लवकर उचलून पुन्हा वर न्यावा लागतो, आणि तीच गंमत आहे, कारण दोन्ही विभागांची पहिली मात्रा खालच्या झटक्याने ठामपणे पडते.

हे बसवायला पहिले पंधरा दिवस धुन वाजवूच नका. डावा पंजा तारांवर अलगद ठेवून त्या मुक्या करा, आणि उजव्या हाताने नुसता ठेका: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. मनगट सैल, कोपर स्थिर, पिक जरा जाड, एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडं जास्त. पातळ पिक तारेवर फडफडतं आणि ठोक्याची जागा पुसट करतं. तोंडाने 'धा धी ना' म्हणत चला. घरच्यांना पंधरा दिवस खरखर ऐकावी लागेल, त्यांना आधी सांगून ठेवा.

ठेका बसला की बोल सोडा. दादऱ्याच्या मात्रा तुम्ही समान म्हणाल, पण जिगच्या तिघींत पहिली किंचित लांबते, दुसरी आखडते आणि तिसरी पुढच्या पहिलीकडे ढकलते. हे कागदावर लिहिता येत नाही. आयर्लंडमध्ये वाद्य नसेल तेव्हा अर्थ नसलेली अक्षरं गुणगुणत नाचायची धुन म्हणायची रीत आहे, तिला लिल्टिंग म्हणतात. अशी रेकॉर्डिंगं शोधा आणि त्यांच्याबरोबर म्हणा. तबला शिकणारा आधी बोलांची पढंत करतो, तशीच ही पढंत. जी धुन तुम्हाला चालता-चालता गुणगुणता येत नाही, ती हातात घ्यायची नाही, एवढा नियम पाळा.

धुनेची बांधणी समजून घ्या. बहुतेक जिगचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे सहा मात्रांचं एक आवर्तन), प्रत्येक दोनदा. सगळी धुन दोन-तीन वेळा वाजवायची आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरायचं. हे नाचासाठीचं संगीत आहे. त्यामुळे चुकलात तर थांबून ती जागा दुरुस्त करायची नाही. उजवा हात चालू ठेवायचा आणि डाव्याने जमेल तिथे परत पकडायचं. घरी एकटीने वाजवतानासुद्धा ही शिस्त ठेवा, कारण थांबून दुरुस्त करायची सवय एकदा हातात शिरली की ती पाच माणसांत वाजवताना तुम्हाला उघडं पाडते.

सजावटही आधी उजव्या हाताची शिका. आयरिश वादक एका लांब स्वराच्या जागी तोच स्वर तीनदा चटकन छेडतात, खाली-वर-खाली. जिगच्या आठ बारांत एकदा-दोनदा पुरे. इथे तुमच्या भारतीय कानापासून जरा सावध राहायला हवं. आयरिश धुनांच्या स्वरसप्तकांची ओळख आपल्याला सहज पटते. डी ला सा माना. मोकळी तिसरी जोडी सा, मोकळी दुसरी जोडी प, मोकळी पहिली जोडी वरचा रे आणि मोकळी चौथी जोडी खालचा म. बऱ्याच धुना बिलावल, खमाज, काफी किंवा आसावरी थाटाच्या स्वरांत बसतात. धुन लक्षात ठेवायला ही ओळख फार उपयोगी आहे, मी तुम्हाला सरगमीतच लिहून ठेवायला सांगेन. पण काफीचे स्वर दिसले म्हणून ग वर घसरत मींड घेतली, नी ला झुलवत आंदोलन दिलं, की ती धुन आयर्लंडमध्ये राहत नाही. मिश्रण करायला माझा विरोध नाही. ते दोन्ही बाजू येणाऱ्याने करावं. एक बाजू नीट यायच्या आधी केलेलं मिश्रण म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगमधला तोच सारखेपणा.

आता चौंडक्याकडे येतो. तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जरा अपराधी भावनेने लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

चौंडकं डोळ्यासमोर आणा. लाकडाचं पोकळ नळकांडं, एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं. कातड्याच्या मधोमध ओवलेली तार नळकांड्यातून बाहेर येते आणि तिचं दुसरं टोक मुठीत. नळकांडं काखेत दाबलेलं. मूठ ताणली की सूर चढतो, ढिली केली की उतरतो, आणि उजव्या हातातल्या छोट्या तुकड्याने तार छेडली जाते. पडदा नाही, सप्तक नाही, मोजून सांगता येईल असा स्वर नाही. तरीही दोन घरं पलीकडे जोगतीण आली की आजोळच्या सगळ्यांना कळत होतं ना? ते कशावरून कळत होतं? ठोक्यांमधल्या अंतरावरून, ताण सोडण्याच्या क्षणावरून. हे शिक्षण तुम्हाला लहानपणीच मिळालंय. मँडोलिनवर इतके पडदे समोर दिसतात म्हणून ते मागे पडलं.

तुणतुण्याचंही तसंच. एक तार, खाली कातडं मढवलेलं लाकडाचं डबडं, बाजूला काठी, वर खुंटी. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो, मागे झीलकरी 'जी जी रं' धरतात आणि तुणतुणं अख्ख्या पोवाड्यात एकाच सुरावर चालतं. एका स्वरावर तासभर गाणं तोलून धरणं ही उजव्या हाताची परीक्षा आहे. रोज सराव सुरू करताना पाच मिनिटं मँडोलिनची फक्त डीची जोडी घ्या आणि तिच्यावर आठवेल त्या पोवाड्याची, गोंधळाची, जोगतिणीच्या गाण्याची चाल नुसत्या ठोक्यांनी वाजवा. दुसरा स्वर घ्यायचा नाही. ऐकणाऱ्याला गाणं ओळखू आलं तर हात तयार होतोय असं समजा.

चौंडकं प्रत्यक्ष शिकावंसं वाटलं तर जरूर शिका, पण तिथे वेगळ्या भानाने जा. ते पूजेचं वाद्य आहे. त्याच्यामागे देवाला मुली सोडण्याच्या प्रथेचं मोठं दुःखही उभं आहे. कर्नाटकात १९८२ साली कायदा करून या प्रथेला बंदी घालावी लागली, महाराष्ट्रानेही पुढे कायदा केला. ज्या बायकांनी ही गाणी जपली त्यांनी ती कोणत्या आयुष्यातून जपली, हे माहीत असलेलं बरं. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराला तुमच्याकडून कितीतरी माणसं यल्लम्माच्या सौंदत्तीला जातात. आजोळच्या ओळखीने एखाद्या वाजवणाऱ्या मावशींकडे जा, आधी बसून ऐका, रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, शिकवलं तर त्याचं मानधन द्या. मोबाइल आधी बाहेर काढू नका.

आणि परक्यांची गाणी वाजवण्याबद्दल. वाद्यं नेहमीच गावं बदलत आलीत. आयरिश संगीतात आज बुझुकी इतकं रुळलंय की ते तिथलंच वाटतं, पण ते ग्रीसचं वाद्य. १९६०च्या दशकाच्या मध्यात जॉनी मॉयनिहन यांनी ते आयरिश संगीतात आणलं, मग अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी ते वाढवलं, पाठ सपाट झाली, जुळवणं बदललं, मोकळ्या तारा गुंजत ठेवायची पद्धत आली. हवाईची युकुलेली घ्या. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून १८७९ मध्ये उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या लोकांनी आपलं छोटं चार तारांचं वाद्य सोबत आणलं, त्यातून ती झाली. तेव्हा सांगलीत जिग वाजली तर कुणाचं काही हिरावलं जात नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. धुन कुणाकडून शिकलात, मूळ कुठली, हे वाजवताना सांगा. आणि परंपरागत धुन सगळ्यांची असली तरी एखाद्याने केलेली तिची खास मांडणी त्याची असते, ती उचलून स्वतःची म्हणू नका.

काही परंपरा मात्र घराण्यांच्या आहेत, हे लक्षात ठेवा. पश्चिम आफ्रिकेतला कोरा, एकवीस तारांचा, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनी वाजवायचा. तो तिथल्या वंशपरंपरेने गाणाऱ्या-इतिहास सांगणाऱ्या घराण्यांचा. मालीचे तुमानी दियाबाते (१९६५–२०२४) अशाच घराण्यातले. त्यांचं वादन भरपूर ऐका, शिकायला गुरू मिळाला तर भाग्य समजा, पण दोन व्हिडिओंवरून मँडोलिनवर त्याची नक्कल करण्यात हशील नाही.

आता साझ आणि ऊद. आत्ता मागवू नका.

तुम्ही बसवलेल्या तुर्की धुना बेसूर वाटत नसल्या तरी अळणी लागत असणार. त्याचं कारण तुमच्या उजव्या हातापलीकडचं आहे. साझच्या दांडीवर पडदे नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात, आणि आपल्या कोमल-शुद्धाच्या मधल्या स्वरांसाठी वेगळे पडदे असतात. बऱ्याच तुर्की लोकगीतांचा जीव त्या मधल्या स्वरात आहे. मँडोलिनवर तो स्वर ठोकलेल्या दोन पडद्यांच्या मध्ये हरवतो. तुम्ही कितीही मेहनत घेतलीत तरी तो तिथे सापडणार नाही, म्हणून त्या धुना सध्या नुसत्या ऐका. आशिक वेसेल (१८९४–१९७३) यांच्यापासून सुरुवात करा. लहानपणीच देवीच्या आजारात दृष्टी गेलेला सिवासकडचा हा कवी-गायक एकटा साझ घेऊन गातो, वाजवणं अगदी साधं, आणि तरी कान बाजूला होत नाही. तुर्कस्तान-बाल्कनमधल्या विषम मात्राही कानावर पडू द्या. नऊ मात्रांचा ताल तिकडे दोन-दोन-दोन-तीन असा मोजतात. बल्गेरियातल्या एका नाचाच्या सात मात्रा दोन-दोन-तीन अशा येतात, आपला रूपक तीन-दोन-दोन. रूपकात मुरलेल्या कानाला हे लवकर समजतं, पण पायाला वेळ लागतो.

ऊदला पडदेच नाहीत. साधारणपणे अकरा तारा, पाच जोड्या आणि एक एकटी, लांबट पिक, आणि स्वराची जागा फक्त कानाने शोधायची. ते वाद्य गुरूशिवाय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय त्याचा वरचा फळा पातळ असतो. कोरड्या एप्रिलमधून ओल्या जुलैत जाताना अशा लाकडाची काळजी घ्यावी लागते आणि दुरुस्त करणारा जवळपास मिळणं कठीण. वर्षभरात दहा-बारा जिग हातात बसल्या आणि साझची ओढ टिकून राहिली, तर तेव्हा घ्या. मिस्टरांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण नव्या वाद्यावरही जुनाच उजवा हात बसेल.

नोटेशनबद्दल तुमच्या सरांचं बोलणं अगदी टाकाऊ नाही. स्टाफ वाचता आलं तर व्हायोलिनसाठी लिहिलेल्या हजारो धुना तुम्हाला खुल्या होतात, कारण जुळवणं तेच. पण सुरुवात तिथून नको. मँडोलिनवादक उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आंध्रातल्या पालकोल्लूच्या या मुलाने मँडोलिनवर कर्नाटक संगीत आणलं, तेव्हा त्या वाद्यावर ते संगीत कसं वाजवायचं हे दाखवणारं कुणी नव्हतं. त्यांचे गुरू सुब्बराजू यांना मँडोलिन येत नव्हतं. ते गाऊन दाखवायचे आणि मुलगा ते तारांवर शोधून काढायचा. तुम्हीही तसंच करा. धुन मोबाइलवर पट्टी न बदलता वेग अर्धा करून ऐका, गळ्यात बसवा, मग तारांवर शोधा. एक भाग शोधायला आठवडा लागला तरी चालेल. नोटेशन उघडायचं ते शेवटी, एखादा अडलेला स्वर तपासायला. सरांना हे ऐकवून बघा. संगीत शिकवणारा माणूस आहे, पटेल त्यांना.

राहिलं बोटांचं दुखणं. वयाचा दोष नाही. मँडोलिनच्या तारा दुहेरी आणि ताणलेल्या असतात, त्यामुळे पहिले काही आठवडे कुणाचीही बोटं हुळहुळतात. दीड वर्षानंतरही दुखत असतील तर वाद्याकडे बघायला हवं. बाराव्या पडद्यापाशी तारा दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बऱ्याच वर असतील तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खाली करावी लागेल. मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. जास्त असेल तर खुंट्यांजवळच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत, आणि तुमची बोटं तिथे झिजताहेत. तारांचा संच लाइट गेजचा, म्हणजे पातळ तारांचा घ्या. दुखणं बोटांच्या टोकांपुरतं असेल तर हे सगळं पुरेल. मनगटात कळ किंवा हाताला मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, त्यात चालढकल नको.

हे काम तुम्ही घरी करू नका. मिरज तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. १९व्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे तंतुवाद्यांचं काम चालत आलंय, पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी सतार-तंबोरे घडवले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला खाचेतला केसाएवढा फरक बोटाने कळतो. मँडोलिन त्यांच्या रोजच्या कामातलं नसलं तरी घोडी आणि खाच तीच. फक्त त्यांना एक गोष्ट आधी सांगा: या वाद्याची घोडी चिकटवलेली नाही, ती तारांच्या दाबानेच जागेवर बसते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम उतरवायच्या नाहीत, एकेक काढून एकेक चढवायची. आणि काम झालं की तिथेच बसून बारावा पडदा तपासा. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर बरोबर सप्तकाच्या अंतराने जुळला पाहिजे. वरचा सूर चढा निघाला तर घोडी शेपटीकडे सरकवायची, उतरता निघाला तर दांडीकडे, आणि चारही जोड्या जुळल्याशिवाय उठायचं नाही.